साप, सुई आणि खरे बोलणे

पेसाहची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या, त्या आठवड्यातली ही हकीकत आहे. आमच्या धाकट्या नातीच्या बालवाडीत, म्हणजे इकडच्या भाषेत ‘गान’मध्ये, जिवंत सरपटणारे प्राणी दाखविण्यास एक तरुण येणार होता. मुलाबरोबर घरचे कोणी मोठे माणूस यावे, अशी चिठ्ठी आली होती. मुलगी व जावई दोघेही कामावर. घरात रिकामे असे आम्हीच. नर्सची नोकरी संपवून आम्हांस आता काही वर्षे झाली. तेव्हा आम्ही गेलो.

पंचवीस-तीस मुले जमिनीवर गोल करून बसली होती. तरुणाने आधी कासव काढले, मग ऑस्ट्रेलियातला काटेरी दाढीचा सरडा, आणि शेवटी कापडी पिशवीतून एक तांबूस-नारिंगी साप. तो अमेरिकेतल्या एका बिनविषारी जातीचा होता. साप दिसताच मुले मागे सरकली. तरुण हसून म्हणाला, “हा चावत नाही. कोण हात लावतो?” एकेक मूल पुढे येऊ लागले. जे हात लावी त्याच्यासाठी बाई टाळ्या वाजवायला सांगत. तीन-चार मुलांनी मात्र हात पाठीमागे धरले होते. त्यांत आमची नात होती. बाई तिला म्हणाल्या, “एवढी मोठी झालीस आणि भितेस?”

नातीने मान वळवून आमच्याकडे पाहिले. प्रश्न हिब्रूत विचारला, पण हाक मात्र मराठीत: “आजी, तो खरंच चावत नाही?”

सगळ्यांचे डोळे आमच्याकडे लागले. ‘नाही चावत’ म्हटले असते तर काम भागले असते. पण तोंडातून शब्द निघाले ते असे: “त्याला दात आहेत, तेव्हा तो चावू शकतो. त्याच्या दातांत विष नाही. आत्ता त्याचा चावण्याचा विचार दिसत नाही. तुला हात लावायचा नसेल तर लावू नकोस.”

बाईंचा चेहरा उतरला. तरुण क्षणभर गप्प राहिला. मग त्याने डावा हात पुढे केला आणि अंगठ्याजवळचे बारीक ओरखडे मुलांना दाखविले. “आजी खरे सांगते. गेल्या महिन्यात हाच मला चावला. मी उंदराचा खाऊ दिला आणि हात न धुता त्याला उचलायला गेलो. हाताला उंदराचा वास होता. चूक माझी होती.” झाले! मागे सरकलेली मुले गुडघ्यांवर पुढे आली. रक्त आले का? तू रडलास का? त्याला डोळ्यांनी दिसत नाही का? मग जीभ बाहेर का काढतो? सापास बाहेरचा कान नसतो, पापण्या नसतात, जिभेने तो हवेतला वास घेतो, हे सारे मुलांनी प्रश्न विचारून त्याच्याकडून काढून घेतले. आमच्या नातीने सापाला हात लावला नाही. कासवाच्या पाठीवर मात्र एक बोट टेकवून पाहिले.

निघताना बाईंनी आम्हांस दाराशी गाठले. बोलणे अदबीचे होते, पण मनात राग होता. “पाच वर्षांच्या मुलांना सगळेच सांगायची गरज नसते. त्यांची भीती जावी म्हणून तर हा कार्यक्रम ठेवला होता. आता दोघे-तिघे रात्री दचकून उठतील.”

बाईंचे म्हणणे टाकाऊ नव्हते. म्हणून बसमध्ये आणि त्यानंतरही पुष्कळ दिवस आम्ही त्यावर विचार केला. लहान मुलाची भीती घालविण्यासाठी मोठ्यांनी थोडे खोटे बोलावे काय? प्रश्न सापाचा दिसतो, परंतु तो तेवढाच नाही. वाचकहो, आपणांपैकी कोणी आई आहे, कोणी आजोबा आहे. हे खोटे आपण प्रत्येकाने कधी ना कधी बोललेले आहे.

आमचे लहानपण कुलाबा जिल्ह्यातले. आता त्याचे नाव रायगड. १९७६ साली मॅट्रिक होऊन आम्ही आईवडिलांबरोबर इस्राएलला आलो, तोवर आमचा प्राणिसंग्रह म्हणजे गारुड्याची टोपली. पावसाळ्यात नागपंचमीच्या सुमारास तो मराठी शाळेच्या आवारात येई. शेजारच्या हिंदू घरांत त्या दिवशी कोणी चिरत नसे, तळत नसे, शेतात नांगर धरीत नसे. आमच्या घरी ते पाळणूक नव्हते, पण शेजाऱ्यांच्या भावना दुखवू नयेत म्हणून आजी त्या दिवशी अंगणात खणू देत नसे. गारुडी पुंगी वाजवी, नाग फणा काढी, आणि आम्ही पोरे श्वास रोखून ऐकत असू: नाग दूध पितो, नाग डूख धरतो, मारणाऱ्याचा चेहरा त्याच्या डोळ्यांत उमटतो, नागिणीच्या डोक्यावर मणी असतो.

यांतले एकही खरे नव्हते. साप दूध पिणारा प्राणी नव्हे. कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला तहानलेला साप समोर येईल ते पितो. पुंगीच्या सुरापेक्षा तिच्या हालचालीकडे त्याचे लक्ष असते. त्याचे विषाचे दात उपटलेले असत, कधी तोंडही शिवलेले असे, आणि असा साप फार दिवस जगत नसे. भारतात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि पुढे हे खेळ बंद पडत गेले, हे बरेच झाले. तो गारुडी पोटासाठी आम्हांस भीती विकत होता. बालवाडीतला तरुण पहिल्या पाच मिनिटांत निर्भयता विकत होता. दोन्ही खेळ वेगळे, पण दोन्हींत एक गोष्ट सारखी होती: मुलांपासून सापाचे दात लपविलेले होते.

भीती घालविणे हे काम चांगलेच आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. भीतीने माणूस काय करतो ते आम्ही गावी पाहिले आहे. आमच्या आजोबांच्या भाताच्या कोठीत एक धामण असे. आजोबा तिला हाकलीत नसत. रात्री तिचे नाव न घेता ‘जनावर’ म्हणत, आणि “जनावर आहे म्हणून उंदीर नाही” एवढेच सांगत. एकदा आजोबा बाजाराला गेलेले असताना वाडीतल्या चार गड्यांनी तिला काठ्यांनी ठेचली. त्या वर्षी उंदरांनी पोत्यांची चाळण केली. धामण बिनविषारी हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. त्यांच्या लेखी सगळे साप एकच, आणि सगळे मारण्याचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांना ओळखणारा माणूस बाकीच्या दिवडा-नानेट्यांना सुखाने जगू देतो. म्हणून मुलांपुढे जिवंत प्राणी आणून दाखविणे आम्हांस पसंत आहे. प्रश्न आहे तो दाखविताना काय बोलावे याचा.

आता आमच्या पेशातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांगताना आजही मान खाली जाते.

१९८३ चा उन्हाळा. आम्ही नव्यानेच मुलांच्या वॉर्डात लागलो होतो. एका संध्याकाळी मोशावातून सात वर्षांचा मुलगा आणला. बागेतला पाण्याचा पाइप उचलताना त्याखाली त्सेफा होता. त्सेफा म्हणजे या देशातला सर्वांत जास्त दंश करणारा विषारी साप, पाठीवर नागमोडी पट्टा असलेला. शास्त्रज्ञ आता त्याला आपल्या घोणशीच्याच गटात घालतात. घोणशीची ती सख्खी चुलत बहीण म्हणा ना. मुलाच्या उजव्या हातावर दोन ठिपके होते आणि सूज मनगटाच्या वर चढली होती.

शिरेत सुई घालायची होती. मूल थरथरत होते. आम्ही त्याच्या कपाळावरून हात फिरवून म्हणालो, “लो कोएव,” म्हणजे दुखत नाही. त्याने विश्वासाने डावा हात दिला. सुई गेली, आणि अर्थातच दुखले. अर्ध्या तासाने रक्त काढायला गेलो तेव्हा त्याने लाथा झाडल्या. दोघांनी धरून ठेवावे लागले. साप चावलेल्या मुलाला शांत पडू द्यायचे असते, आणि इथे आमच्यामुळेच ते धडपडत होते. आईला तो ओरडून सांगत होता, “ही खोटे बोलते!” आमच्या वरिष्ठ बाई बगदादहून आलेल्या, मोठ्या अनुभवी. त्यांनी आम्हांस बाहेर बोलावून विचारले, “तू त्याला काय सांगितलेस?” आम्ही सांगितले. त्या म्हणाल्या, “पुढच्या प्रत्येक सुईला त्याला तुझे खोटे आठवणार.”

सूज किती चढते ते पाहण्यासाठी तिच्या कडेवर पेनाने रेघ ओढून शेजारी वेळ लिहितात. ते काम त्या रात्री आमच्याकडे होते. मुलगा जागाच होता. एका खेपेस त्याने विचारले, “वर चढली?” आम्ही म्हणालो, “हो, दोन बोटे चढली. म्हणून डॉक्टर औषध देणार आहेत. ते नळीतून जाईल, त्याने दुखणार नाही. पण नंतर पुन्हा रक्त काढायचे आहे, ते दुखेल. दहा आकडे मोजशील तेवढा वेळ.” त्याने बराच वेळ आमच्याकडे पाहिले. रक्त काढताना तो मोठ्याने मोजू लागला. सातावर सुई बाहेर आली. “दहा म्हणाली होतीस,” असे तो म्हणाला, पण या वेळी रागाने नव्हे.

पहाटे त्याची आई आमच्याशी बोलत बसली. शाळेच्या आवारात प्राण्यांचा कोपरा होता. तिथे त्याच्या गळ्यात साप घातला होता, आणि जो भीत नाही त्याला साप काही करीत नाही असे कोणीतरी सांगितले होते. पाइपाखालचा साप पाहून मुलगा पळाला नाही. धीटपणे पकडायला गेला. म्हणजे एका दिवसात दोन मोठ्या माणसांच्या खोट्या बोलण्याला ते मूल बळी पडले. एकाने सांगितले साप चावत नाही, दुसऱ्याने सांगितले सुई दुखत नाही. दोघांचाही हेतू प्रेमाचा होता. मुलगा बरा होऊन काही दिवसांनी घरी गेला. येथे औषध वेळेवर मिळते, म्हणून मृत्यू क्वचित होतो. भारतात तसे नाही. तेथे २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा संशोधकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांत मुले पुष्कळ आहेत. ज्या गावांतून आपण आलो, तशाच गावांतली.

या विषयावर विचार करताना आम्ही बेरेशीथचा तिसरा अध्याय पुन्हा वाचला. लहानपणी ऐकलेली सापाची गोष्ट, पण या वेळी दोन गोष्टी नव्याने ध्यानात आल्या. परमेश्वराने त्या झाडाचे फळ खाऊ नये एवढेच सांगितले होते. हव्वा सापाला सांगते की खाऊही नये आणि स्पर्शही करू नये. स्पर्शाची भर तिची. राशींच्या भाष्यात पुढचे आहे: सापाने तिला ढकलून झाडाला लावले आणि दाखवून दिले की स्पर्शाने मरण आले नाही, तसे खाल्ल्यानेही येणार नाही. आपल्या बालवाडीत याहून वेगळे काय घडते? घरात आपण सांगतो, साप दिसला की मेलास. बालवाडीत मूल सापाला हात लावते आणि मरत नाही. मग ते मनात म्हणते, घरच्यांचे सगळेच खोटे! फाजील भीती एका स्पर्शाने गळून पडते, आणि तिच्याबरोबर योग्य ती सावधगिरीही जाते.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. एदेन बागेत सापाने दंश केला नाही. त्याने फक्त धीर दिला: तुम्हांला काही होणार नाही. मुलाला खोटा धीर देताना आपण कोणाचे शब्द उच्चारतो, याचा विचार प्रत्येकाने करावा. आपल्या ज्ञानी पुरुषांनी तल्मुदात सांगून ठेवले आहे की मुलाला काही देण्याचे कबूल करून न देणे म्हणजे त्याला खोटे शिकविणे. खाऊच्या बाबतीत एवढी काळजी, मग जिवाच्या बाबतीत किती हवी?

आता बाईंच्या आक्षेपाकडे वळू. पाच वर्षांच्या मुलाला सगळे सत्य पेलत नाही, हे आम्हांस मान्य आहे. रक्तस्राव, सडलेले बोट, मरणाचे आकडे यांतले काही त्या बालवाडीत सांगणे क्रूरपणा झाला असता. परंतु वॉर्डात आम्ही मुलाचे वजन पाहून औषधाची मात्रा कमी करतो. औषधाच्या ऐवजी पाणी भरून देत नाही. सत्याचेही तसेच आहे. “चावू शकतो, पण याला विष नाही, आणि हा दादा त्याला नीट धरून आहे,” ही पाच वर्षांच्या मुलाची मात्रा. तीत खोटे काही नाही, आणि भिववणारेही फार नाही. मूल रात्री दचकून उठले तर आपण त्याच्याजवळ आहोत. पण त्याने एकदा ओळखले की मोठी माणसे सोयीसाठी खोटे बोलतात, की मग रात्री जवळ बसूनही उपयोग होत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या मनास लागून राहिली, ती टाळ्यांची. हात लावणाऱ्याला टाळ्या, न लावणाऱ्याला टोमणा. आम्हांस वाटते, अनोळखी प्राण्यापासून हात मागे घेणारे मूल भित्रे नव्हे. त्याची अक्कल जागेवर आहे. आज सापासमोर ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाला आपण लाजविले, तर उद्या कोणा दुष्ट माणसापुढे ते ‘नको’ कसे म्हणेल? ज्याला धीट व्हायचे आहे त्याने आपल्या पावलाने पुढे यावे. ढकलून आणलेला धीर घरी पोहोचेपर्यंतही टिकत नाही.

आणि त्या मुक्या जिवाचे काय? एकामागून एक तीस हात त्याच्या अंगावरून फिरले. त्याला ओरडता येत नाही, म्हणून त्याला काही वाटत नाही असे समजू नये. मुक्या प्राण्याला विनाकारण त्रास देऊ नये ही तर आपली धर्माज्ञाच आहे. “याला आता पुरे झाले, याला पिशवीत जाऊ दे,” हे वाक्य मुलांच्या कानावर पडले असते, तर तोही एक धडा झाला असता.

असो. शेवटी जुन्या नर्सची सवय म्हणून चार गोष्टी सांगतो. नातवंडांच्या शाळेत असा कार्यक्रम असेल तर अवश्य जावे. प्राण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण कासव, पाल, सरडे, साप यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. मुलांना त्यापासून आजार होत म्हणूनच अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाची कासवे विकण्यास १९७५ साली बंदी घातली गेली. पाच वर्षांखालील मुलांनी पाहावे, हात लावू नये हे उत्तम. अंगणात साप दिसला तर मुलाने जागच्या जागी थांबावे, हळूहळू मागे जावे, मोठ्यांना हाक मारावी. मोठ्यांनी काठी न उचलता साप पकडण्याचा परवाना असलेल्या माणसास बोलवावे. आणि दुर्दैवाने ‘पान लागले’, तर कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. हातातल्या अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, तो अवयव हलू देऊ नये आणि १०१ फिरवून सरळ इस्पितळ गाठावे.

नातीला पुढे सापाची भीती वाटेल की नाही, ते तिचे तिने ठरवावे. त्या दिवशी संध्याकाळी तिने आम्हांस विचारले, “आजी, उद्या कुपत होलीममध्ये टोचायचे आहे ना? दुखेल?”

“दुखेल,” आम्ही म्हणालो. “सातापर्यंत मोज.”